पीळ बघून घेतलेला कासरा

दोन म्होरक्या, एक कासरा, चार गोंडे आणि घुंगुरमाळांची जोडी. यंदा कारहुणवीच्या, म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमेच्या बैलांच्या सणाच्या, आधी आठ दिवस मी बेळगावातून बैलांचा एवढा साज घेतला. त्यावरून आता अख्खा पावसाळा गेलाय, म्हणून लिहायला बसलोय. पहिल्या दिवशी सगळेच दोर चांगले दिसतात. आमच्या पश्चिम भागातला पाऊस अंगावर घेतल्यावर दोर कसा राहतो ते बघावं आणि मगच चार लोकांना सांगावं.

दुकान रविवार पेठेच्या मागच्या अंगाला एका बोळात आहे. बोर्ड नाही. चौकटीला टांगलेले लाल-पिवळे गोंडे दिसले की तेच. आत दोघं उभे राहिले की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. काम करणारी माणसं दोनच, सत्तरीच्या पुढच्या एक मावशी आणि त्यांचा मुलगा. गोंडे, म्होरक्या, कपाळावरची मठाटी मावशींच्या हातची, तर कासरे, दावी, नाडे मुलाच्या हातचे. नाव लिहू नका असं त्यांनी सांगितलंय, म्हणून लिहीत नाही.

दोराबद्दल मी एवढं का बोलतो ते सांगतो. मी उचगावच्या बाजूचा. एकवीस वर्षं मालवाहू जहाजावर खलाशी होतो. जहाज धक्क्याला बांधायचे मनगटाएवढे दोर रोज हातात असायचे. दोर कुठं झिजलाय, कुठला पदर आतून मेलाय, हे डोळ्यांआधी तळव्याला कळतं. आता गावी भात आणि रताळी करतो. दारात खिल्लार बैलांची एक जोडी आहे, राजा आणि सर्जा.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणाहून नायलॉनची म्होरकी आणली होती. चकचकीत, स्वस्त, पावसात कुजणार नाही असं सांगून दिलेली. चिखलणीच्या दिवसांत सर्जाच्या नाकाडावर ती घासत गेली आणि कातडं सोलून निघालं. पंधरा दिवस हळद आणि तेल लावत होतो. तो मान झटकायचा तेव्हा माझ्याच नाकाला झोंबल्यासारखं व्हायचं. त्यानंतर सुती म्होरकी कुठं चांगली मिळते म्हणून विचारत विचारत या बोळात पोचलो.

मी कासरा मागितला, तर मुलानं किंमत सांगितली नाही. दोराचं टोक हातात दिलं. मावशी आतून म्हणाल्या, "आधी उलटा पिळून बघा की वो भाऊ."

मी उलटा पिळला. पदर जरा उघडले, सोडल्याबरोबर झटक्यात मिटले. चांगल्या दोराची हीच खूण. प्रत्येक पदराला एका दिशेचा पीळ असतो आणि ते तीन पदर एकत्र वळताना उलट्या दिशेनं वळतात. पदर सुटायला बघतो, पण त्याच्या सुटण्याच्या जोरानंच दोर आवळला जातो. जहाजावरचा दोर असो की बैलाचा, रचना हीच. पीळ कमी पडला तर दोर मऊ आणि ढिला होतो, जास्त झाला तर कासरा स्वतःभोवतीच गाठी मारत बसतो. या कासऱ्याचा पीळ बरोबर होता. टोकापासून टोकापर्यंत सारखा.

"सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई," मावशी म्हणाल्या. "तसा असंल तरच घ्या."

मी थांबलो. ही म्हण मी लहानपणापासून ऐकतोय, पण दूषण म्हणून. घरदार गेलं तरी ताठा न सोडणाऱ्या माणसाला आपण ती ऐकवतो. मावशींनी ती हमी म्हणून वापरली. आणि ते खरंही आहे. सुंभ चुलीत टाकून बघा, राखेतसुद्धा वेटोळ्यांचा आकार तसाच राहतो, बोट लावेपर्यंत मोडत नाही. दोर वळणाऱ्या माणसानं ही म्हण पहिल्यांदा केली असेल तर त्यानं ती कौतुकानंच केली असणार, असं मला त्या पायरीवर उभं राहून वाटलं. टोमणा नंतर आला असेल, दोर विकत घेणाऱ्यांच्या तोंडून.

इथून मला मदुरा आठवलं, आणि ते सांगितल्याशिवाय या दुकानाबद्दल मला जे म्हणायचंय ते पुरं होणार नाही.

मदुरा हे इंडोनेशियातलं बेट, जावाच्या ईशान्य टोकाला चिकटल्यासारखं. 2009 साली सुराबायाहून तिथं जायला साडेपाच किलोमीटरच्या आसपास लांबीचा पूल झाला. त्याआधी बोटीनं जावं लागायचं. जमीन चुनखडीची, कोरडी. भाताला जावासारखी धार्जिणी नाही. किनाऱ्यावर मिठागरं आहेत, मीठ पिकवणारं बेट म्हणूनच त्याची ओळख. पोटासाठी बाहेर पडणं त्या लोकांच्या पाचवीला पुजलेलं. तिथल्या पामेकासान भागातला एक खलाशी माझ्याबरोबर दोन करार होता. रात्रपाळीला आम्ही दोघं डेकवर असायचो. त्याची इंग्रजी तुटकी, माझीही तशीच, म्हणून आम्ही एकमेकांना म्हणी सांगायचो. म्हणीला व्याकरण कमी लागतं. वस्तू दाखवली की अर्धं काम होतं.

त्याची पहिली म्हण होती, अबांताल ओम्बा, असापो आंगेन. उशाला लाट, पांघरायला वारा. आम्ही तेव्हा खरंच तसेच पडलो होतो, त्यामुळे समजायला वेळ लागला नाही. मी त्याला आपली सांगितली, अंथरूण पाहून पाय पसरावेत. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, तुमच्याकडे अंथरुणाला कडा आहे. हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. आपली म्हण घरात निजणाऱ्या माणसाची. वाकळ केवढी, ज्वारीची पोती किती, हे मोजून जगणाऱ्याची. कन्नडमध्येही अगदी हीच आहे, हासिगे इद्दष्टु कालु चाचु. एकाच मातीवर राहणाऱ्या दोन भाषांनी एकच अंथरूण घातलंय. त्याच्या बेटावर जमिनीनं पोट भरत नव्हतं, म्हणून त्याच्या लोकांनी अंथरूण समुद्रावर घातलं आणि त्यातच मोठेपणा मानला.

दुसरी म्हण जास्त जड आहे. लेब्बी बागुस पोते तोलांग, एतेम्बांग पोते माता. पोते म्हणजे पांढरं, तोलांग म्हणजे हाड. माता म्हणजे आई असेल असं मला वाटलं होतं, पण त्यांच्यात माता म्हणजे डोळा. डोळे पांढरे होण्यापेक्षा हाडं पांढरी झालेली बरी. लाज घेऊन जगण्यापेक्षा मेलेलं बरं, असा अर्थ.

मराठीतही डोळे पांढरे होतात, पण भीतीनं. तालुक्याच्या दवाखान्यातलं बिल बघून होतात, पुराचं पाणी बांधावर चढलं की होतात. त्यांचे डोळे लाजेनं पांढरे होतात. हाडाचंही तसंच. आपण हाडाची काडं करतो म्हणजे मर मर राबतो, आणि हाडाचा शेतकरी म्हणजे जन्मजात, आतून शेतकरी असलेला माणूस. आपलं हाड कष्टाचं आणि वाणाचं, त्यांचं हाड अब्रूचं. शरीर तेच, दोनशे सहा हाडं त्यांनाही आणि आपल्यालाही, पण कुठल्या हाडावर कुठला भार टाकायचा हे ज्या त्या गावानं वेगळं ठरवलंय.

ही म्हण सांगून झाल्यावर तो जरा अस्वस्थ झाला. जावातली माणसं आम्हाला तापट म्हणतात, कोयता काढणारे म्हणतात, आणि पुरावा म्हणून हीच म्हण दाखवतात, असं त्यानं सांगितलं. अब्रूवरून होणाऱ्या कोयत्याच्या मारामारीला तिकडे चारोक म्हणतात, ती होते हे त्यानं नाकारलं नाही. पण मग त्यानं हट्टानं आणखी एक म्हण माझ्याकडून पाठ करून घेतली, राम्पा नाओंग, बेरिंगिन कोरोंग. गर्द सावली, पसरलेला वड. सगळे मिळून एका सावलीत राहावेत, कुणाला ऊन लागू नये, असं गाव. हीसुद्धा आमचीच आहे, तो म्हणाला. दोन्ही लिहून ठेव.

म्हणून मी दोन्ही लिहितोय. माणसांच्या स्वभावाबद्दल म्हणी खूप सांगतात, पण एका म्हणीवरून सबंध मुलखाला तोलू नये, हे मी त्याच्याकडून शिकलो. आमची बेळगावी मराठी ऐकून एकदा पुण्याच्या एका बाईंनी मला विचारलं होतं, "तुम्ही भांडताय का?" मी त्यांना जेवायला बसा म्हणत होतो.

तर, दुकान.

मी कासरा तपासत होतो तेव्हाच सौंदत्तीकडचा एक शेतकरी आला. डोक्याला पटका, हातात तुटलेली जुपणी, म्हणजे बैलाची मान जुवाला बांधायचा पट्टा. मावशींना अव्वा म्हणाला. नव्या जोडीतले दोन्ही बैल एकत्र चालत नाहीत, नांगर वाकडा जातो, अशी त्याची तक्रार. मावशींनी हातातला गोंडा खाली न ठेवता सांगितलं, एत्तु एरिगे एळेदरे कोण नीरिगे एळेयितु. बैल चढाकडं ओढतो, तर रेडा पाण्याकडं. तो हसला, त्याचा आवाज उतरला, आणि मग नीट बोलणं झालं. कुठला बैल डाव्या अंगाला आहे, कुठला आधी कुणाकडे होता, काय वयाचा. शेवटी मावशींनी त्याला नवी जुपणी विकली नाहीच. होती तीच मुलाकडून सांधून दिली आणि बैलांच्या बाजू बदलून बघ म्हणाल्या. वीस रुपये घेतले.

तो गेल्यावर मी मावशींना विचारलं की मराठी गिऱ्हाइकाला त्या काय सांगतात. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला," लगेच उत्तर आलं. आणि पुढे स्वतःच म्हणाल्या की कन्नडमधली म्हण जोडी जमत नाही तेव्हाची, मराठीतली जमते तेव्हाची. दोन्ही लागतात, म्हणून दोन्ही ठेवते. कपाटात लाल लोकर आणि पिवळी लोकर ठेवावी तसं त्या हे बोलल्या.

त्यांच्या अशा जोड्या ऐकत मी तासभर बसलो. बैल गेला नि झोपा केला, ही आपली. झोपा म्हणजे गोठ्याचं काट्याकुट्यांचं दार. त्याच ठिकाणी कन्नड माणूस म्हणतो, कोटे सूरे होद मेले दिड्डी बागिलु हाकिदरु. किल्ला लुटला गेल्यावर दिंडीदरवाजा लावला. चूक एकच, उशिरा शहाणपण सुचण्याची. पण आपल्या म्हणीत गेलं काय, तर दावणीचा एक बैल. म्हणजे गरिबाचं सगळंच. कन्नड म्हणीत गेला किल्ला, सगळ्यांचा मिळून असलेला. बेळगावात किल्ला आहे, गोठेही आहेत, आणि तिठ्यावर चहा पिणारा माणूस दिवसातून दोन्ही म्हणी वापरतो. त्यातली कुठली कधी ओठावर येते यावरून त्याचं काय हरवलंय ते कळतं, असं मला अलीकडे वाटायला लागलंय.

मावशींची सगळ्यात आवडती मात्र कन्नडच आहे. कै केसरादरे बायि मोसरु. हाताला चिखल लागला तर तोंडाला दही. केसरु आणि मोसरु, म्हणताना जिभेला ताल येतो. मदुराच्या मित्राचीही अशीच एक आहे, मोन अताने, अताना. मोन अदागांग, अदागिंग. शेती करशील तर भात शिजेल, व्यापार करशील तर मटण मिळेल. तिथंही शब्द एकमेकांत पिळलेले, एक अक्षर फिरवलं की कामाचं जेवण होतं. अशा म्हणी विसरत नाहीत, कारण अर्थ सुटायला लागला तरी ध्वनी आवळून धरतो. तीन पदरी दोरच तो. मी मावशींना ही मदुराची म्हण म्हणून दाखवली. त्यांनी दोनदा म्हणून घेतली आणि म्हणाल्या, "शेतकऱ्याला भातच व्हय? मटण व्यापाऱ्यालाच?" मग जरा वेळानं, "खरंच हाय म्हणा."

आता मालाबद्दल नीट सांगतो.

कासरा 340 रुपये. सुती, तीन पदरी. चार महिने पावसात, चिखलात वापरला. भिजल्यावर जड होतो, सुती दोराचा तो स्वभावच आहे, आणि रात्री वळचणीला टांगून वाळवावा लागतो. वाळवला नाही तर कुजेल. पण पीळ जसा होता तसाच आहे, हात घसरत नाही, तळव्याला कापत नाही. अंबाडीचाही मिळतो, तो जास्त टिकतो असं मुलगा म्हणाला, पण अंबाडी कुजवून वाख काढून देणारी माणसं आता कमी झालीत. आमच्याकडे अंबाडी पुंडीच्या भाजीपुरतीच उरलीय.

म्होरक्यांची जोडी 280 रुपये. या दुकानाची खरी ओळख हीच. नाकाडावर येणारा भाग मावशी वेगळा विणतात, चपटा आणि मऊ, आणि गाठ गालाच्या बाजूला घेतात. सर्जाच्या जुन्या जखमेच्या जागी पुन्हा केस आलेत. मला एवढं पुरे आहे.

गोंडे चार, 600 रुपये. देखणे. पण लाल रंग पहिल्या पावसात उतरला आणि राजाच्या पांढऱ्या कपाळावरून ओघळला. लांबून बघणाऱ्याला रक्त वाटावं असा. मी परत जाऊन सांगितलं. मावशींनी वाद घातला नाही, यावेळची लोकर रंगाला कच्ची आली म्हणाल्या, आणि दोन गोंडे बदलून दिले. पैसे घेतले नाहीत. तरी सांगतो, लाल गोंडे सणापुरते बांधा, पावसात काढून ठेवा. पिवळा आणि हिरवा रंग टिकतो.

घुंगुरमाळांची जोडी 1,900 रुपये. इथं मी समाधानी नाही. पितळी घुंगरं बाहेरून येतात, ती हे घडवत नाहीत, फक्त पट्ट्यावर ओवतात. एका माळेतली दोन घुंगरं बद्द वाजतात. घेताना माळ कानाजवळ धरून एकेक घुंगरू हलवून बघा. गर्दीत मी ते केलं नाही.

गर्दीचं सांगायलाच हवं. ज्येष्ठी पौर्णिमेच्या, म्हणजे कर्नाटकी बेंदराच्या आधीच्या चार दिवसांत त्या नवीन काम घेत नाहीत, कितीही ओळख असली तरी. त्या दिवशी वेशीत बांधलेली कर, म्हणजे पानांचं तोरण, तोडायला बैल पळवतात. पांढरा बैल पुढे आला की पांढरं पीक साधणार, तांबडा आला की तांबडं, असं मानणारी माणसं अजून आहेत. त्यामुळे आधीचा आठवडाभर प्रत्येकाला आपलाच बैल सजवायचा असतो. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. गाडी बोळात जात नाही. पैसे फोनवरून चालतात. दुरुस्तीला नाही म्हणत नाहीत, आणि दुरुस्तीनं भागणार असेल तर नवं घ्या म्हणत नाहीत. पाचपैकी किती म्हणाल, तर म्होरकी आणि कासऱ्याला पाच, गोंड्यांना चार, घुंगरांना तीन.

मागच्या महिन्यात मी पुन्हा गेलो होतो, वेगळ्या कामासाठी. मदुराला बैलांच्या शर्यती होतात, कारापान सापी म्हणतात. दोन बैल, त्यांच्यामागे लाकडाची सांगड आणि त्यावर उभा एक पोरगा, सुकलेल्या शेतातून साधारण शंभर मीटर पळतात. ते सगळ्यांना माहीत असतं. पण माझा मित्र ज्या भागातला आहे तिथं गाईंचीही एक चढाओढ असते, सापी सोनोक. त्यात पळायचं नसतं. सजवलेल्या गाईंची जोडी ठेक्यात, सावकाश, एका चालीनं चालवायची आणि कमानीखाली पुढचे पाय उचलून फळीवर ठेवून उभं राहायचं. बरोबर सनईसारखं सारोनेन वाजत असतं. जावाच्या लोकांना आमचा कोयता आठवतो, आमच्या गाईंची चाल कुणी सांगत नाही, असं तो म्हणायचा. आता तो गावी असतो आणि त्याच्याकडे अशी एक जोडी आहे. तिचा फोटो त्यानं मला फोनवर पाठवला. तांबूस रंगाच्या, आपल्या खिल्लारपेक्षा खूप लहान चणीच्या गाई, छातीवर सोनेरी जर.

मावशींनी चष्मा लावून तो फोटो बराच वेळ बघितला. जरीचं काम बघितलं, मान बघितली, शिंगं बघितली. त्या गाईंना पिवळे-हिरवे दोन गोंडे पाठवायचेत म्हटल्यावर त्यांनी फोटो बाजूला ठेवला.

"फोटूवरनं गोंडा व्हत न्हाई," म्हणाल्या. "कपाळ किती रुंद हाय, इचारा त्यास्नी. वितीनं सांगू द्यात."

मी तिथूनच विचारलं. उत्तर यायला रात्र झाली, कारण तो आधी गोठ्यात जाऊन मोजून आला. एक वीत, त्यात अंगठ्याएवढं कमी.